वाचकांचे प्रश्न : कला महाविद्यालयाचा पदवीप्रदान समारंभ

कला महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाची ज्युरी (कामांचे परीक्षण) आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. प्रवेश, फी आणि वसतिगृह यांचे प्रश्न मागे पडतात आणि समारंभाचे प्रश्न येऊ लागतात. या अंकात ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेली अशी काही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा पदवीप्रदान समारंभ यंदा प्रथमच ठाण्यातील एका नाट्यगृहात होणार आहे. चित्रकला आणि उपयोजित कला मिळून आम्ही ७२ विद्यार्थी आहोत आणि नियोजन समितीत प्राध्यापकांबरोबर आम्हा काही विद्यार्थ्यांनाही घेतले आहे. सकाळी मंचावरचा कार्यक्रम आणि तो संपल्यावर प्रवेशदालनात आमच्या कामांचे प्रदर्शन, असा कच्चा आराखडा तयार झाला आहे. हा क्रम योग्य आहे का, आणि वेळेची वाटणी कशी करावी?
— विद्यार्थी प्रतिनिधी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या आराखड्यात आम्हाला एकच बदल सुचवायचा आहे, पण तो मोठा आहे. प्रदर्शन आधी ठेवा आणि मंचावरचा कार्यक्रम नंतर.

वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने चार वर्षांत काय केले, हे त्याच्या घरच्यांना गुणपत्रिकेवरूनच समजून घ्यावे लागते. कलेच्या विद्यार्थ्याचे काम मात्र डोळ्यांसमोर मांडता येते, आणि तरीही बहुतेक पालकांनी ते एका जागी, नीट लावलेले असे कधीच पाहिलेले नसते. त्यांनी पाहिलेली असतात ती रात्री उशिरापर्यंत चाललेली सबमिशन, खोलीभर पसरलेले कागद, गॅलरीत वाळत ठेवलेले कॅनव्हास आणि रंगांच्या दुकानाची बिले. मंचावरचा कार्यक्रम आधी ठेवला, तर तो संपेपर्यंत दुपारचा एक वाजून जातो, लोकांना भूक लागलेली असते, आजी-आजोबा थकलेले असतात, छायाचित्रांसाठी दाराशी गर्दी होते आणि चार वर्षांचे काम लोक चालता चालता पाहून निघून जातात. हे आम्ही अनेक समारंभांत पाहिले आहे आणि दर वेळी त्याचे वाईट वाटले आहे. म्हणून सकाळी साडेनऊला प्रदर्शन उघडा, प्रत्येक विद्यार्थ्याला आपापल्या कामाशेजारी उभे राहू द्या आणि साडेअकराच्या सुमारास तिसरी घंटा द्या. ज्यांनी मुलाचे काम आत्ताच पाहिलेले असते, ते त्याचे नाव पुकारले जाताना वेगळ्याच नजरेने मंचाकडे पाहतात.

आता वेळेचा हिशेब. एका विद्यार्थ्याला नाव पुकारणे, चालत येणे, प्रमाणपत्र स्वीकारणे आणि छायाचित्र यांसाठी अर्धा मिनिट धरले, तर ७२ जणांना ३६ मिनिटे लागतात. दीपप्रज्वलन, राष्ट्रगीत आणि राज्यगीत यांना दहा मिनिटे, प्राचार्यांच्या मनोगताला पाच, प्रमुख पाहुण्यांना बारा आणि एका विद्यार्थ्याच्या मनोगताला पाच मिनिटे दिली, तर सगळे सव्वा तासात बसते. हा हिशेब मोडतो तो सत्कारांमुळे. मंचावर किती जणांना बसवायचे हे आदल्या आठवड्यात ठरवा आणि त्यात आयत्या वेळी भर घालायची नाही, हे प्राचार्यांकडूनच सर्वांना कळवून घ्या. पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी वर्गाने केलेले एखादे लिनोकट (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून छापलेले) छापचित्र, क्रमांक घालून आणि स्वाक्षरी करून द्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. सर्व पाहुण्यांना एकाच ठशाची छापचित्रे देता येतात आणि ती भेट त्या संस्थेशिवाय दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

नावे पुकारण्याचे काम ज्यांच्याकडे असेल, त्यांना प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव त्याने स्वतः देवनागरीत लिहिलेल्या चिठ्ठीवरून वाचू द्या. विद्यापीठाच्या रोमन लिपीतील यादीवरून वाचताना आडनावांचे जे होते, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आपल्या नावात आईचे नाव घ्यावे असे ज्या विद्यार्थ्याला वाटते, त्याला तशी मुभा असावी. १ मे २०१४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात आईचे नाव आता येतेच. आपली पिढी त्या नियमाच्या आधीची असल्याने प्रमाणपत्रावर काही बदलणार नाही, पण मंचावरून उच्चारले जाणारे नाव विद्यार्थ्याच्या इच्छेनुसार असायला कोणाची हरकत असू नये. नाव पुकारले जात असताना मागच्या पडद्यावर त्या विद्यार्थ्याचे एकच चित्र दाखवा, आणि त्याखाली शीर्षक, माध्यम आणि आकार एवढेच लिहा. तीन-चार कामांचा तुकड्या-तुकड्यांचा जोड केला की त्यातले एकही धड दिसत नाही. हे सगळे आदल्या दिवशी त्याच प्रक्षेपकावर तपासून पाहा, कारण संगणकाच्या पडद्यावर दिसणारे गडद रंग नाट्यगृहाच्या पडद्यावर बहुधा काळेच दिसतात.

प्रदर्शनाच्या मांडणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण समारंभाच्या गडबडीत तिच्याकडेच दुर्लक्ष होते. नाट्यगृहाच्या भिंतींना खिळे ठोकू दिले जातील असे गृहीत धरू नका. उभी पॅनेल आणि इझल (चित्र ठेवायची घोडी) यांचीच तयारी ठेवा, आणि ती पावसाच्या झोतात किंवा दाराच्या वाऱ्यात येत नाहीत हे जागेवर जाऊन पाहा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा आणि एका ओळीतील सर्व चित्रांचा मध्य एकाच रेषेत असावा. वरच्या कडा जुळवण्याचा मोह होतो, पण आकार वेगवेगळे असले की त्याने ओळ विस्कटलेली दिसते. पावसाळ्यात कागद हवेतील दमटपणा शोषून घेतो आणि लाटेसारखा उचलतो, म्हणून कागदावरची कामे जाड पुठ्ठ्यावर बसवून (माउंट करूनच) लावा. मार्चमध्ये पूर्ण केलेल्या जाड तैलरंगाचा वरचा थर हाताला सुकलेला लागला तरी आतला थर ओला असू शकतो. अशा चित्रांवर घाईने वार्निश लावू नका; त्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबण्याची रीत आहे. टेम्पोतून नेताना रंगाच्या बाजूला थेट बबल रॅप गुंडाळला, तर उष्ण दमट हवेत त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा) कागद, त्यावर बबल रॅप आणि त्यावर ताडपत्री, असा क्रम ठेवा. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांनी जाहिरात मोहिमांचे फलक जसेच्या तसे टांगण्यापेक्षा त्यातले निवडक तीन-चार आणि त्यांच्यासोबत कच्च्या रेखाटनांची वही ठेवावी. पालक त्या वहीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबतात, असा आमचा अनुभव आहे.

नाट्यगृहात जागा अपुरी पडली आणि ठाणे महानगरपालिकेच्या कापूरबावडी येथील कला भवनासारख्या दालनाचा विचार करावा लागला, तर प्रदर्शन आदल्या दिवशी संध्याकाळी उघडा. तलावपाळीजवळच्या गडकरी रंगायतनात सकाळचा समारंभ आणि दुपारी कापूरबावडीला प्रदर्शन, अशी धावपळ वयस्कर मंडळींकडून करवून घेऊ नये. नाट्यगृहे सत्रांनुसार भाड्याने मिळतात, तेव्हा सामान लावण्याचा आणि उतरवण्याचा वेळ त्याच सत्रात धरला जातो का, हे अर्ज करतानाच विचारून लेखी घ्या.

प्रश्न : माझी मुलगी कला पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिची मैत्रीण पदवीच्या. दोघींच्या समारंभांबद्दल वेगवेगळी माहिती कानावर येते. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ आणि महाविद्यालयाचा समारंभ यांत फरक काय, आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात मिळते का?
— एक आई, घणसोली

उत्तर : मुंबई विद्यापीठाशी संलग्न कला महाविद्यालयातील पदवी विद्यापीठ देते. विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात ती प्रदान झाल्यानंतर पदवी प्रमाणपत्रे महाविद्यालयांकडे येतात आणि महाविद्यालय आपला स्वतंत्र समारंभ करून ती विद्यार्थ्यांना देते. त्यामुळे निकाल आणि महाविद्यालयाचा समारंभ यांत काही महिने जाऊ शकतात. पदविकेची परीक्षा राज्य शासनाच्या अखत्यारीतील असल्यामुळे तिचे प्रमाणपत्र विद्यापीठाचे नसते आणि विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाशी तिचा संबंध नसतो. तेथे महाविद्यालयाचा समारंभ हाच एकमेव समारंभ. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या, आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थेची व्यवस्था आणखी वेगळी आहे, म्हणून एका मैत्रिणीची माहिती दुसरीला लागू होईलच असे नाही.

काही महाविद्यालये निकाल लागताच समारंभ उरकतात आणि मंचावर विद्यार्थ्याला केवळ धारिका (फोल्डर) देतात; मूळ प्रमाणपत्र नंतर कार्यालयातून घ्यावे लागते. यात गैर काही नाही, पण ते पालकांना निमंत्रणपत्रिकेतच स्पष्ट सांगायला हवे. पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी कागद तातडीने लागणार असेल, तर समारंभाची वाट न पाहता गुणपत्रिका आणि तात्पुरते उत्तीर्णता प्रमाणपत्र यांसाठी अर्ज करून ठेवावा.

प्रश्न : मी एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मुलीने चित्रकलेची पदवी घेतली, याचा मला अभिमान आहे. पण तिची शेवटच्या वर्षाची चित्रे मोठमोठी, करड्या आणि पिवळसर रंगांची आहेत आणि त्यांत ओळखू येईल असे काहीच नाही. प्रदर्शनात तिचे सर आणि मित्रमैत्रिणी समोर असतील. मी काय बोलावे, हे कळत नाही. काही भलतेच बोललो, तर त्या दिवशी तिला वाईट वाटेल.
— एक वडील, कळवा

उत्तर : आपले पत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. ज्या वडिलांना आपल्या एका वाक्याची इतकी काळजी वाटते, त्यांच्या मुलीला प्रदर्शनात एकटे वाटणार नाही, याची आम्हाला खात्री आहे. तरीही आपण विचारले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की ओळखीची वस्तू नसलेले चित्र पाहण्यासाठी लागणारी नजर आपल्याकडे आधीपासून आहे. धातूचा एखादा भाग हातात आला की त्यावर कानस कोठे फिरली, कोठे जोर कमी पडला आणि कोणती बाजू अजून घासायला हवी, हे आपल्याला पाहताक्षणी कळत असणार. पृष्ठभागावर हत्याराची खूण कशी उरते, हे पाहण्यातच आपले आयुष्य गेले आहे. मुलीच्या चित्रासमोर उभे राहून तेच पाहा. रंग कोठे जाड आहे, कोठे खरवडला आहे, करड्या थराखालून पिवळा कोठून डोकावतो, कड सरळ ठेवली आहे की जाणूनबुजून विस्कटली आहे. मराठीभाषक कलावंतांच्या ओळखीतले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले आणि पुढे त्यांनी याच प्रकारची, ओळखीचा आकार नसलेली चित्रे केली. ते कुंचल्याबरोबर रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, रंगाचे थर चढवत आणि काढत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. रोलर आणि सुरीसारखे हत्यार हाताळणाऱ्या माणसाचे काम समजायला फिटरची नजर अपुरी पडेल, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

मुलीला विचारण्यासारखे प्रश्नही यातूनच निघतात. खाली पहिला रंग कोणता होता? हा भाग कशाने खरवडलास? काम पूर्ण झाले, आता हात लावायचा नाही, हे कसे ठरवलेस? हा तिसरा प्रश्न तर अवश्य विचारा, कारण तो प्रत्येक चित्रकाराला पडतो आणि त्याचे उत्तर तिला स्वतःलाही शोधावे लागेल. हे प्रश्न तिच्या सरांसमोर विचारले तरी हरकत नाही. उलट, वडील किती बारकाईने पाहत आहेत, हे त्यांच्या लक्षात येईल. “मला सगळे कळत नाही, पण तू सांग, मी ऐकतो,” असे मोकळेपणाने म्हणण्यातही कमीपणा नाही. त्या दिवशी टाळायच्या गोष्टी दोनच आहेत. चित्र उलटे तर लावले नाही ना, असा विनोद कोणी नातेवाईक हमखास करतात. त्यात आपण सामील होऊ नका. आणि पुढे नोकरी कोठे मिळेल, हा प्रश्न तिच्या सरांना जरूर विचारा, पण दुसऱ्या दिवशी.

शक्य असेल, तर आणखी एक करा. आदल्या संध्याकाळी डिस्प्ले लागत असताना मदतीला जा. मोठे कॅनव्हास टांगण्यासाठी पातळी तपासणारा, हूक आणि तार नीट बसवणारा माणूस प्रत्येक वर्गाला हवा असतो. ज्या चित्रांचे वजन आपण हाताने उचलले आहे, त्यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी उभे राहताना काय बोलावे, याची चिंता फारशी उरणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात काळा गाऊन आणि टोपी हवी म्हणणारे अर्धे आणि नको म्हणणारे अर्धे आहेत. आपले मत काय?
— अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : विद्यापीठाच्या समारंभात विद्यापीठाचा नियम पाळावा लागतो. महाविद्यालयाच्या स्वतःच्या समारंभात मात्र प्राचार्यांच्या संमतीने आपल्याला निवड करता येते, आणि आमचा कल गाऊनच्या विरोधात आहे. तो पोशाख युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांच्या थंड दालनांतून आलेला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत तो अंगावर घालून प्रदर्शनात दोन तास उभे राहणे ही शिक्षाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांना दीक्षान्त समारंभासाठी हातमागाच्या कापडाची वस्त्रे वापरण्याविषयी लिहिले होते. तो मार्ग कला महाविद्यालयाला सर्वांत शोभणारा आहे, कारण वस्त्राची रचना विद्यार्थ्यांना स्वतःच करता येते. हातमागाच्या सुती कापडाची अंगवस्त्रे घेऊन त्यांवर वर्गाने ठरवलेले एक चिन्ह ठशाने किंवा स्क्रीनने छापा. खाली साडी, सदरा, सलवार-कुडता, जे ज्याला सोयीचे ते असू द्या. चित्रकला आणि उपयोजित कला यांच्यासाठी काठाचे दोन वेगळे रंग ठेवता येतील. छपाईचा रंग पक्का होण्यासाठी इस्त्रीने उष्णता द्यावी लागते, हे विसरू नका. नाही तर घामाने तो पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. काम निदान तीन आठवडे आधी सुरू करा.

आपल्यापैकी काहींनी लहानपणापासून गाऊनमधल्या छायाचित्राचे स्वप्न पाहिले असेल, तर त्यांची इच्छा तुच्छ मानू नये. दोन-चार गाऊन भाड्याने आणून छायाचित्रापुरते ठेवले, तरी त्यांचे समाधान होईल. टोप्या हवेत उडवणे मात्र बंद सभागृहात नको. त्यांचे कठीण कोपरे डोळ्याला लागू शकतात.

प्रश्न : नातवाचा समारंभ रविवारी सकाळी ठाण्यात आहे. माझ्या पत्नीला व्हीलचेअर लागते. नेरूळहून लोकलने यावे की गाडीने?
— एक आजोबा, नेरूळ

उत्तर : रविवारी ट्रान्स हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असू शकतो. त्याची सूचना रेल्वे एक-दोन दिवस आधी देते आणि ती शनिवारच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. ब्लॉक नसला तरी, आजी सोबत असल्यामुळे आम्ही गाडीचाच सल्ला देऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याने थेट येताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचते. पाऊस जोराचा असेल, तर ऐरोलीहून मुलुंडकडे जाणाऱ्या पुलावरून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागा आणि तेथून ठाण्यात या. निघण्यापूर्वी नातवाकडून तीन गोष्टी विचारून घ्या: गाडी दारापर्यंत येते का, प्रवेशद्वाराशी उतार आहे का, आणि व्हीलचेअर ठेवता येईल अशी जागा कोणत्या रांगेशी आहे. बाल्कनीची तिकिटे मिळाली असतील, तर ती आजच बदलून मागा. संयोजकांनाही आमची विनंती आहे की पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी अडवताना कडेच्या काही जागा अशा आजी-आजोबांसाठी राखून ठेवाव्यात.

प्रश्न : माझी एका विषयात केटी आहे, म्हणजे तो विषय अजून सुटायचा आहे. वर्गमित्र म्हणतात समारंभाला ये, पण मंचावर जाता येणार नाही. मी जावे का?
— एक विद्यार्थी, दिवा

उत्तर : जावे. आणि आपले काम भिंतीवर लागेल, असा आग्रह वर्ग प्रतिनिधींमार्फत आत्ताच प्राचार्यांकडे धरावा. प्रमाणपत्र परीक्षेच्या निकालावर अवलंबून असते. प्रदर्शनाला तशी अट घालण्याचे कारण नाही. केटी बहुधा लेखी विषयात राहते आणि चित्रे तर आपण पूर्ण केलेली आहेत. घरच्यांना केटीबद्दल सांगितले नसेल, तर समारंभाच्या आधी सांगा, म्हणजे मंचावर नाव का आले नाही, हा प्रश्न त्यांना सभागृहात बसून पडणार नाही. नियोजन समितीने आमचे हे उत्तर वाचले असेल, तर त्यांना एवढेच सांगणे आहे की प्रदर्शनातील नावांची चिठ्ठी सर्वांची सारखीच असावी आणि तिच्यावर निकालाचा उल्लेख नसावा.

प्रश्न : प्रदर्शन पाहायला येणारे नातेवाईक “हे चित्र आम्हाला दे” म्हणतात. एका परिचितांना माझे एक चित्र विकत घेऊन त्यांच्या व्यवसायाच्या दिनदर्शिकेवर छापायचे आहे. नाही कसे म्हणावे, आणि हो म्हणायचे झाल्यास काय काळजी घ्यावी?
— चित्रकलेची विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : नातेवाइकांसाठी सोपा उपाय असा की प्रत्येक चित्राची किंमत आधीच ठरवून तिची यादी टेबलावर ठेवावी, आणि ज्यांना भेट द्यायची आहे त्यांच्यासाठी काही लहान रेखाचित्रे किंवा छापे वेगळी काढून ठेवावीत. मावशीला मनापासून एखादे चित्र द्यावेसे वाटले, तर जरूर द्या; पण अंतिम वर्षाची मुख्य कामे निदान वर्षभर स्वतःजवळ ठेवा. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात किंवा १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थेच्या प्रदर्शनात पाठवायला, तसेच पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला तीच कामे लागतात.

दिनदर्शिकेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपण विचारला हे चांगले झाले. चित्र विकल्याने त्याचे प्रताधिकार आपोआप विकले जात नाहीत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार आपल्या मनाने काढलेल्या चित्राचा पहिला प्रताधिकारी चित्रकारच असतो, तो हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. त्या परिचितांना चित्र भिंतीवर लावता येईल, पण ते छापण्यासाठी आपली वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला हवा. कोणत्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी, किती प्रती, आणि चित्राखाली आपले नाव छापले जाईल, एवढे तीन मुद्दे एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरे. मात्र कोणी पैसे देऊन आपल्याकडून चित्र किंवा व्यक्तिचित्र मुद्दाम काढून घेतले, तर वेगळा करार केलेला नसल्यास प्रताधिकार काढवून घेणाऱ्याकडे जातो. पदवीनंतर मिळणारी पहिली कामे बहुधा अशीच असतात, म्हणून हा फरक आत्ताच लक्षात ठेवा.

प्रश्न : पदवी मिळाल्यावर ती लॅमिनेट करून घ्यावी की फ्रेम करावी? आमच्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल येते.
— एक पालक, कळंबोली

उत्तर : लॅमिनेशन करू नये. मूळ प्रमाणपत्राच्या मागे शासकीय शिक्का किंवा साक्षांकन घेण्याची वेळ आली, विशेषतः परदेशी शिक्षणासाठी, तर प्लास्टिक चढवलेल्या कागदावर ते करता येत नाही आणि प्लास्टिक काढताना कागद फाटतो. भिंतीवर लावायची असेल, तर रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा. मूळ कागद आम्लविरहित कागदाच्या दोन पानांमध्ये, घडी न घालता, सपाट धारिकेत ठेवा. ती धारिका ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवून दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला. कागदावरची चित्रेही याच रीतीने, एकावर एक आणि मध्ये ग्लासीन कागद घालून ठेवता येतात. तैलचित्रे मात्र गुंडाळून पलंगाखाली ठेवू नका. ती चौकटीवर ताणलेलीच, उभी आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडू लागले की मागच्या बाजूला बुरशी आली आहे का, ते पाहून मऊ कोरड्या कुंचल्याने झटका.